बँड पुण्याला चाललाय, पण अहिराणीचं काय?

प्रश्न : दादा, आम्ही पाच जण अमळनेरचे. गिटार, बेस, ड्रम अन् आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया) अन् कानबाईच्या सणांच्या गाण्यांच्या चाली, सगळं अहिराणीत. आता तिघांना पुण्यात नोकऱ्या लागल्या म्हणून अख्खा बँडच तिकडे हलवतोय. पण तिथल्या फ्लॅटवर प्रॅक्टिस केली तर आवाजच बदलला, एकदम मऊ, ड्रमवाला म्हणे आपलं भजनी मंडळ झालं भो. आपलं मूळ सुटतंय का?
– एक वाचक

उत्तर : भजनी मंडळाला नावं ठेवू नका, ताल पक्का असतो त्यांचा.

‘द बँड’ हा जुना रॉक बँड ऐकलाय का? हो, नाव एवढंच. चौघं कॅनडाचे, ड्रमवाला लेव्हॉन हेल्म तेवढा अमेरिकेतल्या अर्कान्सासचा. टोरांटोच्या बारमधे वाजवून तयार झालेली पोरं, मग १९६५-६६ ला लोकगीतांच्या ढंगात गाणाऱ्या बॉब डिलनमागे दणदणीत इलेक्ट्रिक वाजवलं अन् पब्लिकनी हुर्यो केली, हेल्म तर वैतागून मधेच सोडून गेला. १९६७ मधे बाकीचे न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावाकडे गेले, तिथे गुलाबी रंगाचं एक घर भाड्यानं घेतलं अन् तळघरात वाजवायला लागले. आता सिमेंटच्या भिंती, जोरात वाजवलं की कानाला त्रास, मग एकमेकांचं ऐकू येईल इतकंच वाजवायचं, म्हणजे तुमच्या फ्लॅटसारखंच झालं ना! त्यातून ते सावकाश, तिघं-तिघं मिळून गाणारं वळण आलं. हेल्मही परत आला. १९६८ चा पहिला अल्बम स्टुडिओतच रेकॉर्ड केला, पण सवय तळघराची. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला गेले तर तिथेही स्टुडिओ नको म्हणून एका बंगल्याच्या स्विमिंग पूलशेजारच्या खोलीत रेकॉर्डिंग, वाद्यंसुद्धा आपसात बदलून, पियानोवाला ड्रमवर अन् हेल्मच्या हातात मेंडोलिन.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं, तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतकऱ्यांची, तिथल्या यादवी युद्धात हरलेल्या सैनिकांची गाणी लिहिली कोणी, तर रॉबी रॉबर्टसननी, म्हणजे टोरांटोच्या पोरानं! तुम्ही तर अहिराणी आईच्या तोंडून ऐकलीय, ती कोथरूडला जाऊन कुठे सुटणार?

मऊ आवाज येतोय तर येऊ द्या, ड्रमवाल्याला काठ्यांऐवजी ब्रश द्या, सोसायटीवालेही गप्प बसतील. फक्त ‘पुण्यातल्यांना कळावं’ म्हणून शब्द प्रमाण मराठीत करू नका, तिथे मात्र गडबड होईल. अन् आखाजीला घरी आलात की नवीन गाणं आधी झोक्यावरच्या मावश्यांना ऐकवा, दुसऱ्या कडव्याला त्या सोबत गायला लागल्या नाहीत तर चाल परत बघा.