कोल्हापुरातल्या पाचगाव, आर. के. नगर भागातले लोक गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खरंच श्रीमंत झालेत का?

मी पाचगावात वाढलो, अजून इथंच राहतो. लोक श्रीमंत झाले म्हणण्यापेक्षा लोकच बदलले असं मला वाटतं. जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत, आणि 2011 नंतर जनगणना झालेली नाही, त्यामुळं आकडा मागू नका, डोळ्यानं दिसतंय ते सांगतो.

आमच्या लहानपणी हा नुसता माळ होता. शेती बहुतेक पावसावरची, भुईमूग, जोंधळा, दारात दोन म्हशी आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, घरातलं एखादं पोरगं उद्यमनगरात नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेथवर. मग विद्यापीठातले कर्मचारी, झेडपीचे मास्तर, बँकवाले असे नोकरदार प्लॉट घ्यायला लागले, कारण राजारामपुरी, ताराबाई पार्कात जागा घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं आणि इथं गुंठ्यानं मिळत होती. महापालिका 1972 ला झाली पण हद्द काही वाढली नाही, तीच 66 चौ. किमी., म्हणून शहर फुगलं ते आमच्यासारख्या ग्रामपंचायतींच्या अंगावर. घरफाळा कमी, परवानगीचा फार ताप नाही, मग काय, पतसंस्थेचं कर्ज काढायचं आणि स्लॅब टाकायचा. 2011 ला शहराची लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आसपास निघाली, पण तिच्यात पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा धरलेच नाहीत, त्यामुळं त्या आकड्यावरून कोल्हापूर केवढं वाढलं ते कळतच नाही.

पुरानं पण माणसं इकडं ढकलली. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं. आमचा भाग उंचावर, मग शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीकडं ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यातले काहीजण इकडं फ्लॅट बघायला लागले, ही चांगली पैसेवाली मंडळी, आणि ती आली की भाडीपण वाढतात.

आता मूळ गाववाल्यांचं बघा. ज्यांनी लवकर जमिनी विकल्या त्यांचे पैसे लग्नं, गाडी, बुलेट यात गेले, आणि त्यांचीच पोरं आज त्याच जमिनीवरच्या अपार्टमेंटला वॉचमन आहेत, असं एक घर नाही, बरीच आहेत. ज्यांनी चार-दोन गुंठे धरून ठेवले आणि रस्त्याकडंला गाळे काढले ते मात्र भाड्यावर निवांत आहेत. दोघांची शेती सारखीच होती, शिक्षणपण सारखंच, फरक फक्त कुणी कधी विकलं एवढाच. म्हणून सरासरी उत्पन्न वाढलं असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारतो, कुणाचं? रेशनकार्डावर तर जाऊच नका, केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला एक लाख आणि कार्डवाल्याच्या दारात चारचाकी, हा आपल्याकडं सगळीकडंच नाद खुळा कारभार!

आणि नोकरदारांचे ते जुने बंगले? पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला आयटीत, घरात आई-बाबा दोघंच, पेन्शनवर. वरचा मजला विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांना भाड्यानं. संध्याकाळी कॉलनीत फिरलं तर पांढरे केसच जास्त दिसतात. त्यात नवीन बांधकामावर विजापूरकडचे मजूर, कारखान्यात यूपी-बिहारची पोरं, ती एका खोलीत पाच-सहाजण राहतात आणि हिशोबात कुणी धरत नाही त्यांना.

पैसा आला तशा सोयी आल्या का म्हणाल तर तसंही नाही, उन्हाळ्यात पन्नास लाखाच्या फ्लॅटवाल्यालाही टँकरची वाट बघावी लागते. 2017 ला शहराभोवतीच्या 42 गावांच्या विकासासाठी प्राधिकरण केलं, पण आमच्या गल्लीतलं गटार आहे तसंच आहे. घर घ्यायच्या विचारानं विचारत असाल तर आधी जागा एनए (बिगरशेती) आहे का बघा, नंतर पाणी किती दिवसाआड येतं ते शेजारच्या बाईला विचारा, बिल्डरला नको.