तपासणीच्या साधनाला आधी थांबायला शिकव

अनेक आशीर्वाद.

साइट चालू आहेत का हे ठरावीक वेळाने बघणाऱ्या तुझ्या तपासणीच्या प्रोग्रामला एका साइटने ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही' हा कोड दिला, म्हणून तू विचारतोस, युजर एजंट (प्रोग्राम साइटला स्वतःची जी ओळख सांगतो ती) बदलून ब्राउझरचा लावू का? नको लावूस. ४०३ हा बिघाड नाही, उत्तर आहे. समोरचा नको म्हणतोय आणि तुझ्या प्रोग्रामला थांबता येत नाही. दोष तिथे आहे.

हिशोब मांडून बघ. मिनिटाला एक विनंती म्हणजे दिवसाला १,४४०. वीस ठिकाणांहून तपासलंस की २८,८००. पान दोन एमबीचं असेल आणि दर वेळी अख्खं मागवत असशील, तर रोजचे जवळपास ५८ जीबी, आणि वाचणारं एकही माणूस नाही! पान न मागवता फक्त त्याची वरची माहिती मागणाऱ्या 'हेड' विनंतीने बँडविड्थ वाचते. पण पान डेटाबेसमधून तयार होत असेल, तर सर्व्हरचे कष्ट बहुधा तेवढेच राहतात. म्हणून एखादी छोटी स्थिर फाइल तपास, तीही पाच मिनिटांनी. क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं नेमकी मिनिटाच्या ठोक्याला सुटतात, सगळ्यांचीच. तुझ्या वेळेत काही सेकंदांचा रँडम फरक ठेव. आणि कुणीही कुठलंही डोमेन यादीत टाकू शकतं, हे बंद कर. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक नोंद, जी मालकालाच टाकता येते) टाकायला लावून मालकी तपासून घे.

आता थांबण्याचं. ४२९ (फार विनंत्या झाल्या) किंवा ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) आलं की उत्तरासोबतचं 'रिट्राय-आफ्टर', म्हणजे पुन्हा कधी विचारायचं ते, वाच. त्यात सेकंद असतात किंवा तारीख; दोन्ही वाचता आले पाहिजेत. काहीच उत्तर नाही आलं तर पुढची विनंती पाच मिनिटांनी, मग दहा, वीस, चाळीस असं लांबत जा. २००३ मध्ये नेटगिअरच्या राउटरांत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरचा (अचूक वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता कायमचा कोरलेला निघाला. उत्तर मिळालं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. अशा राउटरांनी मिळून त्या विद्यापीठावर सेकंदाला अडीच लाखांच्या घरात पॅकेट लोटली. पत्ता कोरला ही चूक होतीच, पण पूर आणला तो न थांबण्याने.

तक्रारींचंही तसंच. एमटीआरमध्ये, म्हणजे वाटेतला प्रत्येक राउटर तपासणाऱ्या साधनात, मधल्या हॉपवर (टप्प्यावर) ४० टक्के लॉस, म्हणजे उत्तर न आलेली पॅकेट, दिसला की तुझं साधन आपोआप त्या नेटवर्कच्या ॲब्यूजला, म्हणजे तक्रारींच्या पत्त्यावर, मेल टाकतं. अरे, राउटर आयसीएमपी उत्तरांवर (अशा चाचणीला द्यायच्या उत्तरांवर) मर्यादा घालतात, त्यांचं मुख्य काम पॅकेट पुढे पाठवण्याचं. तो लॉस शेवटच्या हॉपपर्यंत टिकत नसेल, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. ती मेल मात्र कुणाला तरी उघडून वाचावी लागते. आपोआप जाणारी मेल आजच बंद कर.

तुला वाटेल, मी फार ताणतोय. ताणतोच. प्रोग्राम आधी चालू करायचा आणि थांबण्याचं नंतर बघायचं, या सवयीची मला स्वतःला खंत आहे. ती तुला लागू नये.

युजर एजंटमध्ये साधनाचं नाव, आवृत्ती, माहितीच्या पानाचा पत्ता आणि कुणीतरी खरोखर वाचणारा ईमेल टाक. ४०३ देणाऱ्या त्या साइटची तपासणी आत्ता बंद कर. तिथे सिक्युरिटी डॉट टीएक्सटी फाइल असली, तरी ती सुरक्षेतल्या त्रुटी कळवण्यासाठी असते. तू संपर्काच्या पानावरून लिही. काय तपासत होतास, किती वेळाने, कोणत्या आयपीवरून, एवढंच. उत्तर नाही आलं, तर बंदच राहू दे.