हवा किती ठेवू, आणि बायकोचं ऐकू का?

प्रश्न : मी आणि बायको आमचीच फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) घेऊन हौशी ऑफ-रोड स्पर्धेला चाललोय, लांबचा हायवे आहे, टायरची हवा घरूनच कमी करून निघू का? आणि ती खाली उतरून रस्ता दाखवणार म्हणतेय, चालेल?

उत्तर : घरून अजिबात नको हो! कमी हवेत हायवेला पळवली की टायर तापतो, फुटूसुद्धा शकतो. तिथे पोचल्यावर चिखल-वाळूसाठी हवा साधारण १८-२० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणा, १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटायची भीती, आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर हवाच. उतारावर फोर-लो (चारही चाकांना हळू पण जास्त ताकद देणारी सोय), पहिला गिअर, क्लचवरून पाय काढा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग असं गर्रकन फिरतं की अंगठा गेलाच समजा.

वहिनींना उतरू द्या की, फक्त आधी नियम वाचा, काही ठिकाणी नेव्हिगेटरला, म्हणजे शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्याला, उतरायची परवानगी नसते. खुणा आधी ठरवा, वहिनी दिसेनाशा झाल्या की ब्रेक. (भांडण नंतर.)

परतताना रिमच्या आतला चिखल धुवा, तो वाळला की हायवेला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंट करत बसतात.