वाचकांचे प्रश्न : चर्चच्या आवारातले छायाघड्याळ नागपुरात चालेल का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या ब्यूकासल गावी चर्चच्या आवारात एक जुना दगडी क्रॉस आहे. त्याच्या दक्षिण अंगावर छायाघड्याळ कोरलेले आहे. फोटो पाहून तसेच कडप्प्यावर कोरून घ्यावे आणि आमच्या इमारतीच्या दक्षिण भिंतीवर लावावे, असा विचार आहे. मधल्या भोकात लोखंडी सळई आडवी बसवली तर चालेल ना?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ते बघायला सुंदर आहे, पण त्याची नक्कल करू नका. तो क्रॉस सातव्या-आठव्या शतकातला. त्या काळी अशी छायाघड्याळे प्रार्थनेच्या वेळांपुरती असत. आडवी काडी पृथ्वीच्या अक्षाला समांतर नसते, म्हणून मध्यान्ह सोडून बाकीच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात.

नागपुरात अडचण आणखी मोठी. आपला अक्षांश २१.१५. साधारण २६ मे ते १७ जुलै या काळात दक्षिण भिंतीला दिवसभर ऊनच लागत नाही.

गच्चीवर आडवे घड्याळ करा. ६० × ६० सेंमीची, पॉलिश नसलेली, फिकट फरशी घ्या. काळ्या कडप्प्यावर सावली दिसणार नाही. शंकू, म्हणजे सावली पाडणारा भाग, ३ मिमी पितळी पत्र्याचा काटकोन त्रिकोण : पाया २० सेंमी, उंची ७.७ सेंमी, उंच टोक उत्तरेला. लोखंड नको. ते गंजून फुगते आणि दगड तडकतो.

बाराच्या रेषेपासून कोन असे : ११ व १ साठी ५.५ अंश, १० व २ साठी ११.८, ९ व ३ साठी १९.८, ८ व ४ साठी ३२, ७ व ५ साठी ५३.४, ६ साठी ९०. सकाळच्या रेषा पत्र्याच्या पश्चिम बाजूपासून मोजा, दुपारच्या पूर्व बाजूपासून. दुपारच्या सुमारास रेषा फार दाटतात. २० सेंमीवर पाच मिनिटे म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, म्हणून फरशी लहान घेऊ नका.

उत्तर दिशा २५ डिसेंबरला दुपारी १२ वाजून १४ मिनिटांनी, म्हणजे नागपूरच्या मध्यान्हाला, ओळंब्याच्या सावलीवरून घ्या. त्या दिवशी मिनिटभर चुकले तरी फरक एक तृतीयांश अंशाचाच. मे महिन्यात हाच प्रयोग पार फसतो, कारण सूर्य डोक्यावर असतो. फरशी स्पिरिट लेव्हलने चारही बाजूंनी तपासूनच सिमेंटमध्ये बसवा.

प्रश्न : मग ते मनगटी घड्याळाशी जुळेल?

उत्तर : थेट नाही. प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, नागपूर ७९.१ वर, म्हणून छायाघड्याळाच्या वेळेत वर्षभर १४ मिनिटे मिळवा. फेब्रुवारीच्या मध्यात आणखी १४ मिळवा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ वजा करा. म्हणजे छायाघड्याळातले बारा मनगटी घड्याळात फेब्रुवारीत १२.२८ला, नोव्हेंबरात ११.५८ला.