बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये किंमत बदलत राहणारी वस्तू कशी घालावी? प्रत्येक किमतीला वेगळा कोड करावा का?

नको. वेगवेगळे कोड केले की आयटम मास्टर (सॉफ्टवेअरमधली वस्तूंची मूळ यादी) फुगत जातो आणि एकाच मालाचा स्टॉक दहा नावांखाली विखुरतो. कोड एकच ठेवा. आधी किंमत का बदलते ते बघा: वजनामुळे, की ती काउंटरवरच ठरते म्हणून?

वजनाच्या मालाचा दर मास्टरमध्ये असावा आणि वजन काट्यावरून यावं. काटा लेबल छापत असेल तर बारकोडची मांडणी नीट समजून घ्या, कारण गोंधळ बहुतेक इथेच होतो. ईएएन-१३ मध्ये, म्हणजे नेहमीच्या १३ अंकी बारकोडमध्ये, २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले असतात. समजा लेबलवर २१००४५७०१२५०७ आहे. २१ ही खूण, ००४५७ वस्तूचा कोड आणि शेवटचा ७ तपासणी अंक, म्हणजे आधीचे अंक बरोबर वाचले गेले का ते पडताळणारा. मधले ०१२५० वजन म्हणून वाचले तर १.२५० किलो, किंमत म्हणून वाचले तर १२.५०! नुसत्या बारकोडवरून हे कळत नाही. काटा आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच सेटिंग लागतं.

मी वजनच भरा म्हणेन. पाच अंकांत किंमत भरली, तर दोन दशांश धरून ९९९.९९ च्या पुढे जाता येत नाही. शिवाय स्टॉकमधून किती वजा करायचं ते किमतीला दराने भागून काढावं लागतं, आणि मधेच दर बदलला असेल तर तो आकडाही चुकतो. वजन भरलं असेल तर दर बदलल्यावर आधी छापलेली लेबलं मात्र काढून नवी लावा. नाहीतर लेबलवर एक रक्कम आणि बिलात दुसरी, आणि ग्राहकाचा विश्वास तिथेच उडतो.

काउंटरवर ठरणाऱ्या किमतीसाठी, म्हणजे दुरुस्ती किंवा वापरलेला माल वगैरे, आयटमला ‘ओपन प्राइस’ करा, म्हणजे बिल करतानाच किंमत टाइप करता येते. पण किमान-कमाल मर्यादा घालाच. ५०० च्या जागी ५००० टाइप व्हायला एक शून्य पुरतं. मर्यादेबाहेर गेलं की सुपरवायझरचा पासवर्ड लागावा. सगळं ‘इतर’ नावाच्या एकाच आयटममध्ये कोंबू नका, कराचे दर वेगळे असतील तर हिशेब जुळणार नाही. निदान कराच्या दरानुसार वेगळे आयटम करा.

आणि विकलेली किंमत बिलाच्या ओळीतच साठवली जाते ना, हे तपासाच. काही सॉफ्टवेअर जुनं बिल उघडताना मास्टरमधला आजचा दर उचलतात. मग माल परत आला की घेतले त्यापेक्षा जास्त किंवा कमी पैसे परत जातात.