प्राध्यापक शिकवताना एआय वापरतात का? आणि मुलांनी एआयकडून लिहून घेतलेलं त्यांना ओळखता येतं का?

वापरतो. मी सीनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते. युनिट टेस्टचे एमसीक्यू, एकाच संकल्पनेची सोपी-अवघड उदाहरणं, अशी दोन रात्रींची कामं तासाभरात होतात. चॅटजीपीटीचं उत्तर फळ्यावर जसंच्या तसं उतरवून मुलांना चूक शोधायला लावते. कांद्याचा भाव वाढला म्हणून त्याने एकदा अख्खा मागणी वक्रच डावीकडे सरकवला होता. 'मॅडम, हा तर संकोच, ऱ्हास नाही,' हे शेवटच्या बाकावरून आलं. म्हणजे नुसता भाव वाढला तर वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर वर सरकतो.

ओळखण्याचं मात्र विचारू नका. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) एका मुलीने कांद्याच्या निर्यातशुल्कावर इंग्रजीत प्रोजेक्ट लिहिला. आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांनी तो डिटेक्टरमध्ये, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. '७८ टक्के एआय' आलं आणि सरांनी शून्य दिलं. मुलगी स्टाफरूमच्या दारात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभी. आत वडिलांच्या कांद्याच्या पट्ट्या, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या पावत्या होत्या, ऑगस्ट २०२३ च्या ४० टक्के शुल्काआधीच्या आणि नंतरच्या. हमाली, तोलाई वजा जाता हातात काय पडलं, ते तिने प्रत्येक पट्टीमागे पेन्सिलने मांडलेलं. सरांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, सॉफ्टवेअरला कुणाशी वैर नसतं.

ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. एआयने लिहिलेल्यापैकी जेमतेम २६ टक्के मजकूर तो पकडत होता आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच ठपका ठेवत होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरमधून काढले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले निबंध, तरी सरासरी ६१ टक्के 'एआयचे' ठरले. मराठी माध्यमातून आलेलं मूल इंग्रजी लिहितं तेही छोट्या वाक्यांत, ठरावीक शब्दांत. डिटेक्टरला असं साधं लिहिणंच एआयचं वाटतं, म्हणून सापडतं तेच.

मी तिला पंधरा मिनिटं तोंडी विचारलं. प्रत्येक आकडा कुठून आला ते तिने सांगितलं. मी भांडले तेव्हा कुठे शून्याचे काठावर पास होण्याइतके गुण झाले. तिची लायकी त्याहून कितीतरी जास्त होती.

कॉपी-पेस्ट करणारी मुलं ढिगाने आहेत, हे खरं. साठ प्रोजेक्टमध्ये वीस प्रस्तावना एकसारख्या असतात. तासिका तत्त्वावरच्या माणसाला प्रत्येकाची तोंडी घ्यायला वेळ कुठला, हेही मान्य. पण शून्य देण्याआधी त्या एका पोराला समोर बसवून दहा मिनिटं विचारायला काय जातं? तुम्ही विद्यार्थी असाल तर कच्ची वही फेकू नका, गूगल डॉक्समध्ये लिहा, म्हणजे जुने मसुदे तारखेसकट दाखवता येतात.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर त्या पट्ट्यांची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. कधीही येऊन बघा.