आईला अल्झायमर आहे, तरी तिला रिसर्चसाठी पैसे ठेवता येतील का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगते. या ताई नाशिकच्या, वडील अल्झायमरने गेले. आई झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, वय ७१, आठ महिन्यांपूर्वी त्यांनाही सुरुवातीच्या स्टेजचा अल्झायमर निघाला. फ्लॅट आईंच्या नावावर आहे आणि साधारण ४० लाखांच्या एफडी आहेत. आईंची इच्छा अशी की २५ लाख या आजाराच्या संशोधनाला जावेत, बाकीचं दोन्ही मुलांना. भाऊ न्यू जर्सीला, तिकडचा सिटिझन. तो म्हणतो फाइलला निदान लागलंय म्हणजे आईचं मृत्युपत्र कोर्टात टिकणारच नाही, पॉवर ऑफ अॅटर्नी माझ्याकडे आहे तर मीच बघतो, आणि द्यायचेच असतील तर अमेरिकेतल्या संस्थेला देऊ. मामांचं म्हणणं वेगळंच, बाबांच्या नावाने आपलाच ट्रस्ट काढा.

भावाचा पहिला मुद्दा चुकीचा आहे, तो आधी डोक्यातून काढून टाका. भारतीय वारसा कायदा १९२५ चं कलम ५९ असं बघतं की मृत्युपत्र करताना, म्हणजे त्या दिवशी त्या वेळेला, माणसाला आपण काय करतोय ते कळत होतं का. एरवी ज्याचं मन ठिकाणावर नसतं तो माणूससुद्धा भानावर असतानाच्या काळात मृत्युपत्र करू शकतो असं त्याच कलमात लिहिलंय. आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ३ सांगतं की आजाराचं नुसतं निदान झालं म्हणून कोणाला अस्थिर मनाचं समजायचं नाही, ते कोर्टाने ठरवावं लागतं. सुरुवातीच्या स्टेजला माणूस काल काय जेवला ते विसरतो पण आपल्याला मुलं किती, घर कोणाचं, पैसे कुठे आणि ते कोणाला का द्यायचेत हे पक्कं सांगू शकतो, आणि कायद्याला एवढंच हवं असतं.

पण ही मुभा कायम राहणार नाहीये. वर्षभराने आईंची काय अवस्था असेल कोणीच सांगू शकत नाही, म्हणून दिवाळीला भाऊ आला की बसून ठरवू वगैरे नको, हे काम याच महिन्यात करा.

आता कसं करायचं ते. न्यूरोलॉजिस्टकडून किंवा सायकियाट्रिस्टकडून आईंची तपासणी करून घ्या आणि सर्टिफिकेट शक्यतो सहीच्याच दिवसाचं घ्या. त्यात नुसता मेमरी टेस्टचा स्कोअर नको, डॉक्टरांनी काय विचारलं आणि आईंनी काय उत्तर दिलं ते लिहून मागा. मी अशा कामात घरच्यांना बाहेर बसवते, दार लावते आणि साधं विचारते, बाई तुमच्याकडे काय काय आहे, घरात कोण कोण आहे, मुलाला सगळं न देता बाहेर का देताय. एखादी आई म्हणते, अहो ह्यांची दहा वर्षं मी बघितलीत, माझ्या नातीच्या वेळेला तरी औषध निघू दे. असं उत्तर तिच्याच शब्दात, तिच्याच भाषेत मृत्युपत्रात उतरवायचं. इंग्रजी ड्राफ्ट अजिबात नको, आई आयुष्यभर मराठी शिकवत आल्या तर कागद मराठीतच हवा, नाहीतर उद्या विचारतील की हे त्यांना वाचून कोणी दाखवलं होतं.

साक्षीदार दोन लागतात आणि दोघांनी आईंना सही करताना बघितलेलं हवं किंवा ही सही माझीच असं आईंनी त्यांना सांगितलेलं हवं. एक साक्षीदार डॉक्टर असले तर उत्तम, दुसरा आईंपेक्षा बराच तरुण बघा, कारण केस झाली तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं करावं लागतं आणि लोक नेमके आईच्याच वयाच्या मैत्रिणी साक्षीला घेतात. ज्या संस्थेला पैसे जाणार तिथला माणूस साक्षीला नको. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, तरी करा, आईंना ऑफिसला जाणं जमत नसेल तर योग्य कारण दाखवून सब रजिस्ट्रारना घरी बोलावता येतं. व्हिडिओही करा, पण आईंना पाठ करून बोलायला लावू नका.

आणि ताई, तुम्ही स्वतः यातून लांब राहा. वकील तुम्ही ठरवला, ड्राफ्ट तुम्ही दिलात, गाडीतून तुम्ही नेलंत आणि वाटाही तुम्हाला मिळतोय, असं दिसलं की कोर्टाला शंका येते. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, आणि ज्याचा फायदा होतो त्यानेच पुढाकार घेणं ही त्यातलीच एक परिस्थिती. म्हणून एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा माणूस, तोही तुम्ही नको, मामा विश्वासातले असतील तर त्यांना करा.

पॉवर ऑफ अॅटर्नीबद्दल आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. ती देणाऱ्याच्या वतीने काम करण्यासाठी असते, त्याच्या इच्छेविरुद्ध वापरण्यासाठी नाही. आणि करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मन अस्थिर झालं की ती आपोआप संपते, म्हणजे जेव्हा खरी गरज पडते तेव्हाच ती उपयोगाची राहत नाही. अमेरिकेत आजारपणातही चालू राहणारी पॉवर ऑफ अॅटर्नी करता येते, भावाच्या डोक्यात बहुतेक तेच असेल. आईंना ती नको असेल तर त्या आज लेखी रद्द करू शकतात, भावाला आणि बँकेला पत्र द्यायचं. पुढे त्यांचे व्यवहार कोणीतरी बघायची वेळ आली तर हायकोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, मुंबई हायकोर्टाने डिमेन्शियाच्या पेशंटसाठी तसे आदेश दिलेले आहेत.

आता पैशांचं. आधी आईंचा स्वतःचा सांभाळ, मग रिसर्च. तुमच्या वडिलांना शेवटी शेवटी दिवसरात्र माणूस लागत होता असं तुम्हीच लिहिलंय, तीच वेळ आईंवर येऊ शकते आणि तेव्हा ४० लाखांतले २५ लाख देऊन बसलेले असाल तर कठीण होईल. म्हणून माझा सल्ला असा की आत्ता आईंनी त्यांच्या हाताने चेकने चार-पाच लाख द्यावेत, ते त्यांना बघायलाही मिळेल, आणि बाकीचं मृत्युपत्रात आकड्याने न लिहिता टक्क्यात लिहा, मृत्यूच्या वेळी शिल्लक एफडींच्या साठ टक्के वगैरे. आकडा लिहिला आणि आजारपणात एफडी मोडल्या तर संस्था आणि मुलं यांच्यात भांडण ठरलेलं.

नॉमिनीही तपासा. भाऊ नॉमिनी असेल तर बँक पैसे त्याच्या हातात देईल. नॉमिनी मालक होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये शक्ती येझदानी केसमध्ये परत एकदा सांगितलं आणि बँकेच्या ठेवींनाही तेच लागू, पण न्यू जर्सीत बसलेल्या माणसाकडून पैसे परत मिळवण्यात वर्षं जातात. बँकेच्या ठेवीला संस्थेला नॉमिनी करता येत नाही, माणूसच लागतो, तर जो एक्झिक्युटर त्यालाच नॉमिनी करून टाका.

मामांच्या ट्रस्टची भावना मला कळते, बाबांचं नाव राहावं असं वाटणारच. पण हिशोब करून बघा. २५ लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला पावणेदोन लाख व्याज. पीएचडी करणाऱ्या एका ज्युनियर रिसर्च फेलोला महिन्याला ३७,००० मिळतात, वर्षाचे ४ लाख ४४ हजार, घरभाडं वेगळं. म्हणजे तुमच्या ट्रस्टच्या व्याजातून एका मुलाचं अर्धं वर्षही निघणार नाही, आणि त्यातूनच चॅरिटी कमिशनर ऑफिसचं रजिस्ट्रेशन, दरवर्षीचं ऑडिट, इन्कम टॅक्सची नोंदणी आणि तिचं रिन्यूअल सांभाळायचं, तेही पुढची पन्नास वर्षं कोणीतरी. त्यापेक्षा जिथे आधीच काम चालू आहे तिथे बाबांच्या नावाने द्या.

पण संस्थेचं काम काय ते नीट बघा, डिमेन्शियाच्या नावाने चालणारी प्रत्येक संस्था संशोधन करत नाही. एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) १९९२ पासून आहे, पेशंटचा सांभाळ, घरच्यांना आधार, जनजागृती हे तिचं मोठं काम. ते लाखमोलाचं आहे, पण तुमच्या आईंना संशोधन हवंय. त्यासाठी बंगळुरूच्या आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च बघा. हे सुद्धा देणगीतूनच उभं राहिलंय, इन्फोसिसचे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने दहा वर्षांसाठी २२५ कोटी देऊ केले होते. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात गावातल्या ४५ वर्षांवरच्या लोकांची वर्षानुवर्षं तपासणी करत राहायचं, आजार दिसायच्या आधी काय बदलतं ते बघायचं, असा त्यांचा अभ्यास आहे, टार्गेट १०,००० माणसांचं. या आजाराची बरीचशी माहिती युरोप-अमेरिकेतल्या लोकांवरून आलेली आहे, आपल्या खेड्यातल्या माणसाचं काय हे असंच शोधावं लागणार आणि असल्या लांब पल्ल्याच्या कामाला कंपन्या सहसा पैसे घालत नाहीत. तिथेच द्या असं मी म्हणत नाही, पण आईंना हे जरूर वाचून दाखवा.

संस्था ठरली की मृत्युपत्रात लिहायच्या आधी त्यांना पत्र टाकून विचारा, अशी देणगी घेता का आणि कोणत्या अटींवर. मृत्युपत्रात पूर्ण नाव, पत्ता, पॅन नंबर आणि उद्देश स्पष्ट लिहा, 'अल्झायमर व इतर स्मृतिभ्रंशाच्या आजारांवरील वैद्यकीय संशोधन'. पैसे कॉर्पसमध्ये, म्हणजे मूळ निधीत ठेवून फक्त व्याज वापरायचं की सगळे खर्च करायचे तेही लिहा, मी तर म्हणेन खर्च करू द्या. ती संस्था पुढे बंद पडली तर दुसरी कुठली, हेही हवं. मोघम लिहिलं की काय होतं त्याचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे, १८९९ मध्ये रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई केसमध्ये 'धरम'साठी ठेवलेले पैसे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, उद्देश अस्पष्ट म्हणून अवैध ठरवले. उलट टोकाला जाऊन अमुकच औषधावर काम करा, अमुकच डॉक्टर घ्या असल्या अटीही घालू नका, चांगली संस्था ते पैसे नाकारेल. आत्ता देताय त्या चार-पाच लाखांसाठी मात्र वर्षाने खर्चाचा दाखला मागा, तो मागायला संकोच कशाला.

टॅक्सबद्दल, मान्यता असलेल्या संशोधन संस्थेला दिलेल्या देणगीवर पेन्शनरला जुन्या टॅक्स रिजीममध्ये सूट मिळते, नव्यात नाही, आणि २,००० च्या वर कॅश दिलेली धरत नाहीत. नवा आयकर कायदा एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, सीएला विचारून घ्या. चेक द्या, पावती घ्या आणि कमिशन कापून कॅश परत घ्या असं कोणी सुचवलं तर तिथूनच उठा, असल्या बोगस रिसर्च देणग्यांवर इन्कम टॅक्सने धाडी घातल्यात आणि देणगीदारही अडकलेत.

भावाची अमेरिकन संस्थेची सूचना बेकायदेशीर नाही. १९८० मध्ये सुरू झालेली शिकागोची अल्झायमर्स असोसिएशन संशोधनाला मोठा पैसा देते, आणि आरबीआयच्या योजनेत आई वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतात, फक्त इथली टॅक्स सूट मिळणार नाही. पण तिथे भावाने स्वतःचे पैसे द्यावेत, त्याला तिकडची सूट मिळेल. त्याला भारतातल्या संस्थेला द्यायचे असतील तर तो सिटिझन असल्यामुळे ते फॉरेन काँट्रिब्यूशन होतं, संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी हवी आणि पैसे तिच्या एसबीआय नवी दिल्ली मेन ब्रँचच्या खात्यातच यायला हवेत. आईच्या खात्यात टाकून पुढे फिरवू नका.

आणि त्याला हे सगळं मृत्युपत्र उघडल्यावर कळायला नको. सहीच्या आधी आईंनी स्वतः त्याला व्हिडिओ कॉल करून सांगावं, लांब राहणाऱ्या मुलाला आपल्याला डावललं असं वाटतं आणि केसेस बऱ्याचदा पैशापेक्षा त्या रागातून होतात.

तुम्ही शेवटी मेंदूदानाचं विचारलंय. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या संस्थेत ब्रेन बँक आहे, १९९५ पासून. आईंनी आत्ता लेखी संमती दिली तरी मृत्यूनंतर निर्णय घरच्यांनीच आणि तोही काही तासांत घ्यायचा असतो, नाशिकहून ते कसं जमेल हे त्यांना फोन करूनच विचारा.

सध्या डॉक्टरांची वेळ घ्या, एफडींच्या पावत्या, फ्लॅटचं इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि त्या पॉवर ऑफ अॅटर्नीची कॉपी एका फाइलला लावा, आणि ती फाइल आईंच्या हातात देऊन त्यांना मामांबरोबर वकिलाकडे पाठवा.